फक्त कॅल्शियमच्या गोळीने भागत नाही: ठिसूळ हाडांची काळजी, सीमाभागातल्या घरांसाठी

पंचावन्न-साठीची बाई न्हाणीत घसरून हातावर पडली, मनगट मोडलं, की आपल्याकडे पुढचं सगळं ठरलेलं असतं. एक्स-रे, प्लास्टर, दीड महिना गळ्यात हात, कॅल्शियमच्या गोळ्यांचं एक पाकीट आणि ‘वय झालं आता, जपून चाला’ हा सल्ला. प्लास्टर निघालं की विषय संपला. खरं तर तो तिथून सुरू व्हायला हवा. उभ्या उभ्या पडल्याने मोडलेलं मनगट ही हाडांनी दिलेली पहिली सूचना असते. ती कानाआड केली की पुढची पाळी मणक्याची, नाहीतर खुब्याची. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचातलं एक वर्षभरात दगावतं, आणि जगतात त्यांतले कितीतरी जण पुन्हा काठीशिवाय घराबाहेर पडत नाहीत.

आधी एक गोंधळ मिटवू. गुडघे दुखतात, जिना चढताना कटकट वाजतात, ती सांध्यांची झीज. तो वेगळा आजार, त्याचे उपाय वेगळे. हाडांचा ठिसूळपणा, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, मोडेपर्यंत दुखत नाही. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ या वाक्यावर इथे भरवसा ठेवता येत नाही.

पहिली पायरी: आपल्या घरात धोका कुणाला

हाडांची पुंजी वयाच्या पंचविशी-तिशीपर्यंत जमते. त्यानंतर फक्त खर्च. बाईची पाळी गेली की हा खर्च एकदम वाढतो, कारण हाडांना राखणारं इस्ट्रोजेन कमी होतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांचा वीस टक्क्यांपर्यंत भाग जाऊ शकतो. पुरुषांचा खर्च सावकाश होतो, पण होतोच. सत्तरीच्या अण्णांची पाठ वाकली तर ‘वयाचं आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

आता आपल्या भागातली गोष्ट. ‘पिशवी काढली’ असं अगदी सहज सांगणाऱ्या बायका बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, हुक्केरीच्या गावोगावी भेटतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचं ऑपरेशन चाळिशीच्या आत झालेलं असतं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील, तर त्या बाईची रजोनिवृत्ती त्याच दिवशी झाली असं समजा. पस्तिसाव्या वर्षी ऑपरेशन झालेल्या बाईची हाडं पन्नाशीला पासष्टीच्या बाईसारखी निघाली तर नवल नाही. जुनी फाईल शोधा, डिस्चार्ज कार्डावर अंडाशयं काढल्याची नोंद आहे का ते डॉक्टरांना वाचायला लावा. माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहिलेलं कारण हेच.

दुसरं कारण स्टेरॉइडचं. दमा, संधिवात किंवा त्वचेच्या आजारासाठी प्रेडनिसोलोनसारखी गोळी तीन महिन्यांहून जास्त चालू असेल, तर हाडांची तपासणी मागून घ्या. त्याहून वाईट म्हणजे बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्या. दोन दिवसांत जादू झाल्यासारखं दुखणं थांबतं, तोंड सुजल्यासारखं गोल होतं, भूक वाढते. अशा पुडीत बहुधा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. मात्र ती अचानकही बंद करायची नसते, डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडवावी लागते.

बाकीची यादी झटपट. आई किंवा वडिलांचा खुबा मोडलेला असणं, अंगाने अगदी किरकोळ असणं, बिडी-सिगारेट, रोजची दारू, थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त होणं, फिटच्या काही गोळ्या, आमवात, आणि वर्षानुवर्षं सकाळी उठून घेतलेली पित्ताची गोळी. निपाणीकडे घरात बसून विड्या वळणाऱ्या आणि शहापूर-वडगावकडे मागाच्या खोलीत दिवस काढणाऱ्या बायकांच्या वाट्याला ऊन येत नाही, हेही त्यात धरा. मिश्री हिरड्यांची तर वाट लावतेच. तिच्यातलं निकोटिन हाडांच्याही भल्याचं नाही.

दुसरी पायरी: घरातच दोन मोजमापं

भिंतीला टाचा लावून उभं राहा आणि डोक्यावर पाटी आडवी धरून खूण करा. तरुणपणीची उंची आधारकार्डावर नसते, पण जुन्या नोकरीच्या किंवा बाळंतपणाच्या कागदावर कधी कधी सापडते. तिच्याशी तुलना करून चार सेंटिमीटर किंवा जास्त घट दिसली, तर मणका दबलेला असण्याची शंका घ्यायची. दर वर्षी संक्रांतीला ही खूण नव्याने करायची सवय लावा.

दुसरं मोजमाप खुर्चीचं. हात छातीशी घडी घालून, खुर्चीला न धरता पाच वेळा उठा-बसा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पायांत ताकद कमी आहे आणि पडण्याचा धोका जास्त. हाडं किती ठिसूळ आहेत ते यातून कळत नाही, पण ती मोडण्याची वेळ कितपत जवळ आहे ते कळतं.

तिसरी पायरी: ताटाचा हिशेब

आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पाळी गेलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला १२०० मिलिग्रॅम. हा आकडा आपल्या ताटाला लावून बघू.

समजा घर खानापूरकडचं आहे. सकाळी चहा, दुपारी जोंधळ्याच्या दोन भाकरी, वांग्या-बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, तुरीची आमटी, भात. संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री आमटी-भात आणि झोपायच्या आधी आणखी अर्धा कप चहा. जोंधळ्यात १०० ग्रॅमला कॅल्शियम तिसाच्याही आत, म्हणजे दोन भाकऱ्यांतून ४० मिलिग्रॅम मिळालं तर मिळालं. भातात नावापुरतं. आमटीतून ५०, भाजी-चटणीतून ३०-४०, आणि तीन चहांतल्या दुधातून दीडशेच्या आसपास. सगळं मिळून पावणेतीनशे-तीनशे. गरजेच्या पाव भाग! पोट भरलेलं आहे, ताट मोकळं दिसत नाही, पण हाडांच्या हिशेबात ते रिकामं आहे. आणि हे रोजचं ताट. सोमवार, संकष्टी, एकादशी धरली तर साबुदाण्यावर निघालेल्या दिवसात याच्या निम्मंही मिळत नाही.

आता याच स्वयंपाकघरात काय बदलता येईल ते पाहू. औषधाच्या दुकानात जायच्या आधी.

दोनपैकी एक भाकरी नाचणीची करा. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून दोनशेच्या वर. खानापूर आणि पलीकडे चंदगडच्या डोंगरपट्ट्यात नाचणी पिकतेच. ती गरिबाचं धान्य म्हणून मागे पडली आणि आता शहरात पॅकबंद होऊन महाग विकली जाते, हा भाग वेगळा. नाचणीचं कॅल्शियम तिच्या सालीत जास्त असतं. त्यामुळे भिजवून, वाटून, गाळून केलेलं पांढरंशुभ्र सत्त्व लहान मुलांना पचायला हलकं असलं तरी हाडांसाठी सालीसकट दळलेलं पीठच बरं. मोड आणून, वाळवून दळलं तर त्यातलं कॅल्शियम अंगी जास्त लागतं. आंबील करताना पीठ रात्रभर ताकात भिजवून ठेवतात, त्याचाही हाच फायदा.

दूध किंवा दही. २०० मिलिलिटर दुधाचा एक पेला म्हणजे सुमारे २४० मिलिग्रॅम. दह्याची मोठी वाटी म्हणजे आणखी पावणेदोनशे-दोनशे. दूध पचत नाही, पोट गुरगुरतं, अशांना दही बहुतेक वेळा चालतं. साय काढली म्हणून कॅल्शियम कमी होत नाही. पण ताकात पाणी किती घातलंय त्यावर सगळं अवलंबून; पातळ ताक पिऊन हिशेब पुरा होणार नाही. इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. गोठ्यात म्हैस आहे, डेअरीला रोज कॅन जातो, नातवाला पेलाभर, मुलाला पेलाभर, आणि जिने धार काढली तिच्या वाट्याला चहात टाकायला राहिलेलं चमचाभर. डेअरीच्या कॅनमध्ये ओतायच्या आधी तिचा पेला बाजूला काढून ठेवा. बाकीचे सल्ले नंतर.

पालेभाजी. मेथी, राजगिरा, माठ, शेवग्याचा पाला: शंभर ग्रॅम कच्च्या पाल्यात पावणेतीनशे ते सव्वातीनशे मिलिग्रॅम. शेवगा परसात फुकट वाढतो. आपण शेंगा काढतो आणि पाला शेळीला घालतो. कोवळा पाला धुऊन मुगाच्या डाळीत टाका किंवा भाकरीच्या पिठात चिरून मळा. पालकातही कॅल्शियम आहे, पण त्यातलं ऑक्झलेट ते अडवून धरतं, म्हणून या कामासाठी पालकावर विसंबू नका.

हुलगा. शंभर ग्रॅमला सुमारे २७० मिलिग्रॅम, वर प्रथिनं. मोड आणलेल्या हुलग्याची उसळ, हुलग्याचं माडगं, सार, काहीही करा, आठवड्यातून तीन-चार वेळा होऊ द्या. तिळाचा आकडा हजारावर जातो, पण तिळाच्या सालीतलं बरंचसं कॅल्शियम ऑक्झलेटला बांधलेलं असतं आणि तीळ कुणी वाटीभर खात नाही. भाजून, कुटून केलेल्या चटणीचे दोन चमचे रोज घ्या. भोगीला भाकरीवर लावलेल्या तिळापुरतं मात्र ते ठेवू नका. मांसाहारी घरात काट्या-कवचासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी, सुकट, जवळा फारच चांगला. फक्त मीठ धुऊन काढा. उलट पायांच्या रश्श्याची कीर्ती मोठी आणि कॅल्शियम थोडं. हाड कितीही उकळलं तरी त्यातलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही. रस्सा चवीसाठी प्या.

आता बेरीज. मूळचे पावणेतीनशे, नाचणीचे दोनशे, दूध अडीचशे, दही पावणेदोनशे, पालेभाजी अडीचशे, हुलगा ऐंशी, तिळाची चटणी शंभर. तेराशेच्या घरात गेलो. सगळंच अंगी लागत नाही आणि सगळंच रोज जमत नाही, हे धरूनही गाडी हजाराच्या आसपास राहते.

कॅल्शियम एकट्याने हाड बांधत नाही. हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो. उतारवयात वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम प्रथिनं असं धरा: पन्नास किलोच्या आजीला पन्नास ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरण-उसळ, दूध-दही, एखादं अंडं, मूठभर शेंगदाणे, भाकरीतलं थोडं, असं मिळून ते जमतं. नुसत्या आमटीच्या पाण्यावर भात कालवून खाणाऱ्यांना जमत नाही. दात नाहीत म्हणून पातळ खाणाऱ्या आजी-आजोबांसाठी हुलग्याचं माडगं, दह्यात कुस्करलेली नाचणीची भाकरी, मऊ पनीर किंवा अंड्याची भुर्जी करून द्या. पापड, लोणचं, खर्डा यांवर हात आखडता घ्या, कारण मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी किंवा लाह्या आणि सोबत दूध.

गव्हाच्या दाण्याएवढा विड्याचा चुना रोज खाण्याचा सल्ला फोनवर फिरत असतो. नको. मात्रा हातात राहत नाही आणि तोंड भाजतं. कांडवेलीचा, म्हणजे हाडजोडीचा रस घेणारे घ्या म्हणतात, पण तो औषधाच्या जागी नको.

चौथी पायरी: ऊन आणि ड जीवनसत्त्व

ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट जात नाही. आपल्याकडे ऊन भरपूर असूनही कमतरता सर्रास आढळते. कोवळं ऊन चांगलं असं आपण म्हणतो, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सकाळी लवकर जवळपास नसतातच. अकरा ते दोनच्या दरम्यान, हात-पाय उघडे ठेवून, वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो. चैत्र-वैशाखात या वेळी उन्हात बसणं जमणार नाही हे कबूल, तेव्हा वेळ कमी करा. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत कणकुंबी-जांबोटीकडे सूर्यच दिसत नाही. त्या महिन्यांसाठी औषधाचा आधार घ्यावा लागतो.

रक्तात हे जीवनसत्त्व मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असलं तर ती कमतरता. डॉक्टर सहसा ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात, मग महिन्यातून एक. ‘आठवड्यातून एकदा’ हे चिठ्ठीवर असतं आणि घरात ती गोळी रोज घेतली जाते, असं घडतं! रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, भ्रम, मूत्रपिंडाला इजा, इथवर प्रकरण जातं. पाकिटावर मार्करने वार लिहून ठेवा. सहा लाख युनिटचं इंजेक्शन पुन्हा पुन्हा मारून घेण्याच्या भानगडीत पडू नका.

कॅल्शियमची गोळी ताटातली तूट भरण्यापुरतीच. ताटातून सातशे मिळत असेल तर पाचशेची एक गोळी पुरे. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं, एका वेळी पाचशेहून जास्त नाही. रोज पित्ताची गोळी चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरं. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळीबरोबर ते घेऊ नका, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. मूतखडा झालेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जेवणातलं दूध-नाचणी मात्र खड्याच्या भीतीने बंद करायची गरज नसते.

पाचवी पायरी: तपासणी कुठली, कधी

पासष्टीपुढची प्रत्येक बाई, सत्तरीपुढचा पुरुष, आणि पाळी गेलेल्या ज्या बाईत वर सांगितलेलं एखादं कारण आहे ती: यांनी डेक्सा करून घ्यावी. खुबा आणि कंबरेचा मणका यांचा हा फोटो दहा-पंधरा मिनिटांत होतो, सुई नाही, किरणांचा मारा छातीच्या एक्स-रेपेक्षा कमी. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी थांबवा.

रिपोर्टवर टी-स्कोअर शोधा, म्हणजे धडधाकट तरुण माणसाच्या मानाने आपली हाडं किती खाली आहेत ते सांगणारा आकडा. उणे एक किंवा त्याच्या वर म्हणजे ठीक. उणे एक ते उणे अडीचच्या मधलं म्हणजे हाडं कमी झालीत. उणे अडीच किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. पण मनगटाचं सोडा, किरकोळ पडून मणका किंवा खुबा मोडला असेल, तर आकडा काहीही येवो, तो ऑस्टिओपोरोसिसच धरून उपचार करतात.

गणपती मंडळांच्या किंवा दुकानांच्या मोफत शिबिरात टाचेवर यंत्र लावून जी ‘हाडांची तपासणी’ करतात ती चाळणीपुरती. त्या कागदावर औषध सुरू करायचं नसतं. आणि शिबिराच्या शेवटी पावडरचा डबा विकायला कुणी बसलेलं असेल, तर ते शिबिर कशासाठी भरवलंय ते समजून घ्या. डेक्साची सोय सगळीकडे नसते, तेव्हा बेळगाव, कोल्हापूर, मिरज, हुबळी यांपैकी जवळ पडेल तिथल्या मोठ्या रुग्णालयात आधी फोन करा. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्याच्या हद्दीत साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. ‘गाडीभाड्याला पैसे नाहीत’ म्हणून बेळगावची फेरी टाळणाऱ्या आक्काला हे सांगा. दोन वर्षांनी पुन्हा तपासायचं झालं तर त्याच यंत्रावर करा. यंत्र बदललं की आकड्यांची तुलना फसते.

औषध सुरू करण्याआधी रक्ततपासणी हवीच: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते), ड जीवनसत्त्व, थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईएसआर. कारण हाडं मऊ करणारा दुसरा आजार, ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या कमतरतेचा, डेक्सावर हुबेहूब असाच दिसतो. त्यात हाडं दुखतात, मांड्यांत जोर राहत नाही, जमिनीवरून उठताना हाताने जोर द्यावा लागतो, अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं असतं. तो आधी बरा करायचा. त्याआधीच हाडांचं जबर औषध दिलं तर रक्तातलं कॅल्शियम खाली जाऊ शकतं.

सहावी पायरी: औषध, आणि ते कसं घ्यायचं

सगळ्यात जास्त दिलं जाणारं औषध अलेंड्रोनेट, ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एक गोळी. गोळी स्वस्त आहे आणि खुबा व मणका मोडण्याचा धोका खरोखर कमी करते. पण घ्यायची रीत चुकली तर ती एक तर पोटात जाऊन वाया जाते, नाहीतर अन्ननलिका जाळते. म्हणून ही रीत नीट वाचा.

वार ठरवा. रविवार म्हणा. सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, तोंड धुऊन झालं की सरळ बसून किंवा उभं राहून मोठा पेलाभर साधं पाणी घेऊन गोळी गिळा. दूध नाही, चहा नाही, कॅल्शियमची गोळी नाही, चघळायची नाही. त्यानंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं-प्यायचं नाही. देवपूजा करा, अंगण झाडा, पण वाकून भांडी घासायला बसू नका. अर्ध्या तासाने चहा. सकाळी सहाला चहा घेतल्याशिवाय डोळे न उघडणाऱ्या घरात हा अर्धा तास कसोटीचा असतो, म्हणून त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी चहाचं आधण उशिरा ठेवावं. घास अडकण्याचा त्रास असलेल्यांना, अर्धा तास बसता न येणाऱ्यांना आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना ही गोळी नको.

गोळी जमत नसेल तर झोलेड्रोनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा सलाइनमधून. आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्यायचं. पहिल्या वेळी एक ते तीन दिवस ताप, अंगदुखी येते, पॅरासिटामॉलने निभावतं. वर्षातली एकच फेरी असल्याने गावाकडच्या माणसांना मला हे जास्त सोयीचं वाटतं, फक्त आधी क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पाहिलेलं असावं.

डेनोसुमॅब, ६० मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी पोटाच्या किंवा दंडाच्या कातडीखाली. मूत्रपिंड कमजोर असलं तरी देता येतं. पण याची एक अट कडक आहे. इंजेक्शन उशिरा घेतलं किंवा आपल्या मनाने बंद केलं, तर थांबवून ठेवलेली झीज उसळून येते आणि एकापाठोपाठ मणके मोडू शकतात. बंद करायचंच असेल तर डॉक्टर जागी दुसरं औषध देतात. ‘यंदा ऊसबिल आलं नाही, दिवाळीनंतर बघू’ असं या इंजेक्शनच्या बाबतीत करून चालत नाही. पैशाची सोय होईल याची खात्री नसेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते वेगळं औषध निवडतील.

टेरिपॅराटाइड नवं हाड बांधतं. २० मायक्रोग्रॅमचं रोज एक इंजेक्शन, जास्तीत जास्त दोन वर्षं, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि महाग आहे. मणके मोडलेल्या, हाडं फारच खाली गेलेल्या रुग्णासाठी ते राखून ठेवतात. कोर्स संपला की वरच्यापैकी एखादं औषध सुरू करावं लागतं, नाहीतर कमावलेलं जातं.

दुष्परिणामांची भीती घालून औषध सोडायला लावणारे शेजारी सगळीकडे असतात. जबड्याचं हाड खराब होणं आणि मांडीचं हाड आडवं चिरणं, हे दोन्ही खरे आहेत, पण फार विरळ. दात काढायचे असतील तर औषध सुरू करायच्या आधी काढून घ्या, आणि औषध चालू असताना मांडीत किंवा जांघेत नवं दुखणं आलं तर सांगा. गोळी पाच वर्षं किंवा सलाइन तीन वर्षं झाली की विश्रांती द्यायची का, हे डॉक्टर ठरवतात. ही विश्रांती डेनोसुमॅबला लागू नाही.

सातवी पायरी: ताकद, आणि न पडणं

शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायाम सांगितला की ती हसते. तिचं हसणं रास्त आहे. पण खुरपताना ती वाकलेली असते आणि वाकण्याने पाठीचे ताठ ठेवणारे स्नायू तयार होत नाहीत. खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणं, ओट्याला धरून टाचा वर करणं, भिंतीला हात टेकून भिंतीवरचे जोर, पालथं झोपून छाती किंचित उचलणं, पाण्याची बाटली हातात घेऊन दंड उचलणं, ओट्याजवळ एका पायावर दहा सेकंद उभं राहणं. आठवड्यातून तीन दिवस, आणि रोज चालणं. नुसतं चालून हाडं भरत नाहीत, पण चालणं सोडलं की ती नक्की उतरतात. मणका आधीच दबलेला असेल तर सूर्यनमस्कार, पुढे वाकून पायाचे अंगठे धरणं, कंबर पिळणं बंद. भरलेली कळशी कंबरेतून वाकून उचलू नका. गुडघ्यात वाकून, अंगाजवळ धरून, तीही अर्धीच. मुलींना मात्र दोरीवरच्या उड्या, झिम्मा, कबड्डी खेळू द्या. पुंजी जमवायचे दिवस तेच.

घरात फिरून बघा. चिऱ्यांच्या अंगणात पावसाळ्यात शेवाळ धरतं, ते चुना-ब्लीचिंग पावडरने घासून काढा. न्हाणीत खरबरीत फरशी, भिंतीला धरायला दांडी. उंच उंबऱ्यावर पांढरा पट्टा ओढा. रात्री परसातल्या संडासला जाणाऱ्या आजीच्या उशाशी बॅटरी ठेवा, झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्यांनी चक्कर येते का विचारा, मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवू नका.

हाड मोडलंच तर

साठीपुढच्या बाईने बादली उचलली आणि पाठीत चमक भरली, तर उसण म्हणून तेल चोळत बसू नका. एक्स-रे काढा. मोडलेले बरेच मणके उसणीच्या नावाखाली लपून जातात. पडल्यावर उठता येत नाही, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो, तर खुबा मोडला असं समजून पाय उशा लावून स्थिर ठेवा, काही खायला देऊ नका, १०८ ला फोन करा. हाडवैद्याकडून ओढून-चोळून घेण्यात गेलेले दोन दिवस फार महाग पडतात, कारण हे ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावं लागतं. उशीर झाला की न्यूमोनिया, रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा.

निघताना आधार, रेशनकार्ड आणि चालू गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तातडीच्या वेळी थेट जाता येतं. ठरवून करायच्या ऑपरेशनला सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली आणि कर्नाटकाने तिला हरकत घेतली. दोन राज्यांच्या या ओढाताणीत आपली आजी स्ट्रेचरवर थांबायला नको, म्हणून ज्या रुग्णालयात न्यायचं तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, फोनवर विचारून मगच गाडी वळवा. संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर सही करण्याआधी मराठीत समजावून मागा. तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी उभं करतील, घाबरू नका, उभं राहा. आणि घरी सोडायच्या दिवशी डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: “रॉड बसला, टाके निघतील, पण हाडं ठिसूळ आहेत त्याचं औषध कुठलं आणि कधीपासून?” उत्तर नुसतं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व असं आलं तर पुन्हा विचारा. खुबा मोडल्यावर तीन महिन्यांच्या आत झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाइन दिलेल्या रुग्णांत पुढची फ्रॅक्चरं कमी झाली आणि मृत्यूही कमी झाले, हे २००७ च्या मोठ्या चाचणीत दिसलेलं आहे. औषधाचं नाव, पहिली तारीख आणि पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या, आणि तीच तारीख घरातल्या कालनिर्णयवरही लाल पेनने मांडून ठेवा.